बारकीबायचं डिकरेशन

नाव बारकीबाय, आणि उंची अशी की आमच्या वर्गाच्या दारातून आत येताना तिला मान वाकवावी लागली. सहा भावंडांत शेवटची म्हणून बारकी, एवढाच त्या नावाचा अर्थ. माजिवड्याच्या भोईरांच्या घरातली ती सून. खाडीच्या बाजूला त्यांची भातशेती होती, थोडं मिठागर होतं आणि घरामागं फुलांचा मळा. भात आणि मीठ नवरा बघायचा. त्याचं नाव नामा. मळा मात्र हिचा. तिथं नामालासुद्धा विचारून पाय ठेवावा लागे.

मी तेव्हा ठाण्यात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. लग्न होऊन पुण्याहून नुकतीच आले होते. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, मी फळा पुसत होते, आणि ही दारात उभी. गुडघ्यापर्यंतचं कासोट्याचं लुगडं, पायांना ओली माती, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी.

"इंग्रजी शिकवनारी मास्तरीन तूच काय गो बाय?"

"हो. काय काम होतं?"

तिनं कापड सोडलं. आत हॉलंडमधल्या एका कंदविक्या कंपनीचं यादीपुस्तक होतं, रंगीत चित्रांचं. जवळच्या कारखान्यातल्या साहेबाची मडम विलायतेला परत जाताना ते हिला देऊन गेली होती. बरोबर ओंजळभर कंदही दिले होते. हिनं ते लावले, दोन वर्षं फुलवले आणि तिसऱ्या पावसाळ्यात मळ्यात पाणी तुंबून सगळे कुजले. ग्लॅडिओलस. तिला नाव माहीत नव्हतं. पातं तलवारीसारखं म्हणून ती त्याला तलवारफूल म्हणायची.

एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. पांढरंशुभ्र फूल, आणि घशाशी रक्ताचा थेंब पडावा तसा लाल रंग.

"ह्यो मना पायजे," ती म्हणाली. "तू तेंना पत्र लिव."

मी म्हटलं, "अहो, परदेशातून झाडं अशी पत्र लिहून येत नाहीत. त्याचे काही कायदे असतात."

"मंग कायदा वाच. वाचता येतो ना तुना?"

मला वाचता येत होता. त्या एका प्रश्नामुळे माझं पुढचं दीड वर्ष तिच्या मागं गेलं, आणि त्यातला एक दिवसही मला कंटाळवाणा झाल्याचं आठवत नाही.

पत्राला उत्तर आलं तेव्हा ती ते वास घ्यायला नाकाशी धरून उभी राहिली. कंपनीनं कळवलं होतं की पांढरी जात सध्या विक्रीला नाही. लाल, पिवळी आणि गुलाबी आहे. पुढं लिहिलं होतं की तुमच्या देशाचा आयात परवाना आधी पाठवा. आमच्या सरकारचा तपासनीस कंद बघून निरोगी असल्याचा दाखला देईल, तो आम्ही पेटीबरोबर धाडू. कंद धुऊन, वाळवून, मातीचा कण न ठेवता पाठवण्यात येतील. टपालानं पाठवता येणार नाहीत, बोटीनं मुंबई बंदरातच येतील. तिथं तुमचं सरकार ते तपासेल आणि त्यांना वायूची धुरी देईल.

हे सगळं मी मराठीत सांगितलं. ती पायरीवर बसून ऐकत होती.

"धुरी? बालंतिनीला देतात तशी?"

"तशीच. किडे-अंडी मरावीत म्हणून."

"मंग बरं हाय. पन माती नाय म्हंजे? नवरी धाडायची आनि आईनं वटी भरायची नाय?"

मी म्हटलं, मातीतून रोग येतो म्हणतात.  पांढऱ्या जातीच्या नकाराबद्दल तिनं तक्रार केली नाही. फक्त दुमडलेला कोपरा तिनं बोटानं सरळ केला आणि म्हणाली, "तर मंग जे हाय ते मागव."

अर्ज भरायचा दिवस तिनं सणासारखा साजरा केला. नामाला न्हाऊन यायला लावलं, जणू सही त्याची होती. मी फॉर्मवरचा एकेक प्रश्न मराठीत सांगायचे आणि ती शपथेवर साक्ष दिल्यासारखी उत्तर द्यायची. आयात करणाऱ्याचं पूर्ण नाव. तिला जरा थांबावं लागलं. मग म्हणाली, "भागीरथी. भागीरथी नामा भोईर." नामानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पुढं मला कळलं की लग्नानंतर त्यानं ते नाव ऐकलंच नव्हतं.

"आणण्याचा उद्देश काय?"

"लावायला. आजून कशाला आनतात? भाजी करायला?"

मी लिहिलं, लागवडीसाठी.

"किती नग?"

"तीनशे."

"अंदाजे तीनशे असं लिहू का? एखाद-दुसरा कमी-जास्त झाला तर?"

"अंदाज कशाला?" ती म्हणाली. "तीनशे म्हंजे तीनशे. जास्त आलं तर जास्त आलं म्हनून सांगू. कमी आलं तर भांडू."

डिक्लेरेशन हा शब्द मी उच्चारला तो तिला फार आवडला. ती त्याला डिकरेशन म्हणायची आणि कशालाही लावायची. बाजारात टोपलीतल्या तळाच्या कळ्या चिमलेल्या असल्या तर गिऱ्हाईकाला आधीच सांगायची, "वरची ताजी, खालची कालची. ह्यो माजा डिकरेशन. घे नाय तर सोर." तिच्या तोंडात 'ड'चा बऱ्याचदा 'र' होई, झाडाचं झार होई. गिऱ्हाईक हसायचं आणि घ्यायचं.

परवान्याला महिनोन्‌महिने लागले. सरकारी कचेरीतून पत्र यायचं, मी उत्तर द्यायचे, पुन्हा पत्र यायचं. कधी प्रत कमी पडली, कधी झाडाचं शास्त्रीय नाव हवं म्हणून कागद परत. मी वैतागायचे. ती नाही. ती प्रत्येक पत्र पायरीवर बसून पूर्ण ऐकायची आणि म्हणायची, "विचारतात म्हंजे बगतात. बगू दे."

याच दिवसांत तिचा भाचा सुदाम सुटीवर आला. मालवाहू बोटीवर खलाशी होता. उंची सेंट लावलेला, बोलायला गोड. मी त्या दिवशी माजिवड्यालाच होते. कागदांचा गठ्ठा बघून तो हसला.

"आत्या, कशाला एवढी यातायात करतेस? पुढच्या फेरीला माझी बोट तिकडच्याच बंदरात लागते. मी पिशवीत घालून आणतो. तीनशे काय, पाचशे आणतो. तो पांढरासुद्धा शोधतो. कोण बघतंय?"

मला त्याचं म्हणणं पटलं. खरं सांगते, मनातून मी सुटले. बारकीबाय काय म्हणते म्हणून मी तिच्याकडे पाहिलं तर तिचा चेहरा असा झालेला की सुदामनं हसणं थांबवलं.

"तू परत कदी बोटीवरनं झार आनलंस," ती हळू आवाजात म्हणाली, "तर ह्या घरात पानी भेटनार नाय तुना."

सुदाम उठून गेला. मला काही समजेना. मग ती मला मळ्याच्या पलीकडे घेऊन गेली. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध आहे, त्याच्यावर आम्ही उभ्या राहिलो. शेजारच्या वाडीकडे तिनं बोट दाखवलं. तिथं गवताशिवाय काही नव्हतं.

तिनं सांगितलं ते असं. सुदाम पहिल्यांदा बोटीवर गेला तेव्हा कोलंबोहून आत्यासाठी केळीचा एक मुनवा घेऊन आला, म्हणजे गड्ड्याशी फुटलेलं पिल्लू. ओल्या गोणपाटात लपवून आणला. तिनं तो कौतुकानं लावला. वर्षभरात त्याची पानं शेंड्याला दाटीनं, आखूड, झुपक्यासारखी येऊ लागली. घड धरेना. मग बाजूच्या केळीला झुपका आला. मग तिच्या पलीकडच्या. तिच्या सगळ्या केळी गेल्या, आणि रोग कुंपण ओलांडून शेजारी गोमाबाबाच्या वाडीत गेला. गोमाबाबा म्हातारा, एकटा. त्या केळीवरच त्याचं चालायचं.

"त्याची एकेक केल मी माज्या हातानं खनली," ती म्हणाली. "खनून जाळली. तो वट्यावर बसून बगत होता. एक शब्द बोल्ला नाय मना. बोल्ला असता तर बरं झालं असतं गो बाय."

मग तिनं पायानं बांध ठोकला. "ह्याला खेकऱ्यानं येवढंसं भोक पारलं ना, तर रातभरात सगला शेत खारा. तीन वरसं भात नाय. म्हनून पानी उघारीतनंच घ्यायचं. तुजं ते मुंबई बंदर म्हंजे उघारी. सुदाम म्हंजे खेकरा."

उघाडी म्हणजे बांधातलं दार, पाणी हवं तेवढंच आत घ्यायचं. इतके महिने मी तिला कायदा वाचून दाखवत होते. त्या दिवशी बांधावर मला तो पहिल्यांदा कळला.

परवाना आला. पेटी निघाल्याचं पत्र आलं. ती रोज शाळेत येऊन विचारू लागली, बोट कुठवर आली. मुलींना चाहूल लागली आणि सातवीच्या वर्गानं नकाशावर हॉलंडपासून मुंबईपर्यंत दोरा लावला. रोज त्यावर बोट पुढं सरकायची, अर्थात आमच्या अंदाजानं. सुएझच्या कालव्यात ती दोन दिवस अडकली, कारण सरकवणारी मुलगी तापानं घरी होती.

मार्गशीर्षात एक दिवस कार्ड आलं. पेटी उतरली आहे, तपासणीस हजर राहावे.

त्या सकाळी ती लग्नाला निघावी तशी निघाली. नवं लुगडं, अंबाड्यात अबोली. हातात कापडात बांधलेले सगळे कागद, एका गाठीत परवाना, दुसऱ्या गाठीत डिकरेशनची प्रत. बंदरावर एक दलाल आमच्या मागं लागला. म्हणाला, बाई, मी आत ओळखीनं काम करून देतो, उघडायचीसुद्धा गरज नाही पेटी. तिनं त्याच्याकडे वळून विचारलं, "उघरायची नाय? मी वरीसभर थांबले ती उघरायलाच." तो गेला.

तपासणी करणारा अधिकारी तरुण होता, देशावरचा, देसाई नावाचा. कृषी महाविद्यालयातून नवा आलेला. टेबलावर भिंग, चाकू आणि पांढरं एनॅमलचं ताट. त्यानं आधी आमचे कागद पाहिले. मग पेटीबरोबर आलेला हॉलंडच्या सरकारचा दाखला. मग पेटी उघडली.

लाकडाच्या भुश्शाचा वास आला आणि बारकीबायनं माझं मनगट धरलं. कागदी पिशव्यांत कंद होते, कांद्यासारखे पण चपटे, तपकिरी पापुद्र्याचे. देसाईंनी प्रत्येक पिशवीतले थोडे ताटात ओतले, भिंगाखाली धरले, दोन-तीन मधोमध कापले. कापताना माझ्या मनगटावरची तिची बोटं घट्ट व्हायची. आतून पांढरे, टणक, स्वच्छ. मातीचा कण नाही. त्यांनी तीनशे मोजून घेतले. तीनशेच भरले.

"उत्तम माल आहे," ते म्हणाले. "धुरी झाली की परवा घेऊन जा." आणि ते शिक्का आणायला आतल्या खोलीत गेले.

तिला राहवेना. तिनं रिकाम्या पेटीतल्या भुश्शात हात घातला, धान्याच्या कणगीत तळ बघावा तसा, आणि तिचा हात थांबला. वर काढला तेव्हा त्यात एक छोटं पुडकं होतं. त्यावर चिकटवलेलं चित्र मी लगेच ओळखलं. पांढरं फूल, घशाशी लाल थेंब. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, कंपनीकडून सप्रेम भेट.

आमच्या पहिल्या पत्रात त्या पांढऱ्या फुलाचं तिनं काय काय वर्णन लिहायला लावलं होतं ते तिथल्या कुणीतरी लक्षात ठेवलेलं दिसत होतं.

"हे कागदात हाय?" तिनं विचारलं.

मी दाखला वाचला. लाल, पिवळी, गुलाबी. पांढरी नव्हती. आमच्या डिक्लेरेशनमध्येही नव्हती.

"नाही," मी म्हटलं. आणि मग मी जे म्हटलं ते मला आजही लपवावंसं वाटतं. मी म्हटलं, "पण तपासणी झाली आहे. पदरात ठेवा. मूठभर तर आहेत. ते कंदही त्याच शेतातले, त्याच पेटीतले."

ती त्या चित्राकडे बघत होती. तिचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं, ठेवणार. तिनं पुडकं नाकाशी धरलं. अंगठ्यानं कागदावरून आतले कंद चाचपले, एकेक, बारा वेळा. मग ती मोठ्यानं हाक मारून म्हणाली, "ओ सायेब. बारा जास्त हायेत."

देसाई शिक्का हातात घेऊन बाहेर आले. तिनं पुडकं त्यांच्या ताटात ठेवलं.

"हे कागदात नाय. मना बी ठावं नव्हतं. माजा डिकरेशन आता तोंडानं घे."

देसाईंनी पुडकं पाहिलं, दाखला पाहिला, मग खुर्चीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पेच होता.

"बाई, याला दाखला नाही. दाखला नसलेला माल मला जाळावा लागतो."

"जाळ," ती म्हणाली. आवाज स्थिर होता, पण तिनं टेबलाची कड धरली होती.

मी मध्ये पडले. म्हटलं, तिनं स्वतः होऊन दिलंय, याला काहीच अर्थ नाही का?

 देसाईंनी उठून कपाटातून नियमांचं जाड पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्याच वाचू लागले.  एक पान, दुसरं पान. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. शेवटी त्यांनी पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं.

"मला तपासणीत सापडलं असतं तर भट्टी," ते म्हणाले. "आयात करणाऱ्यानं सोडवणुकीपूर्वी स्वतः जाहीर केलं, तर मी ते अडकवून ठेवू शकतो. माझ्या ताब्यात, वेगळं. पेटी पाठवणाऱ्यांनी त्याचा दाखला महिन्याभरात धाडला तर तपासून सोडीन. नाही आला, तर जाळीन. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बाय, तार कुठनं करतात?"

तार मी बंदराजवळच्या टपाल कचेरीत केली. तिला तारेत 'कृपा करून' हवं होतं, 'फार' हवं होतं, आणि 'तुमचं भलं होवो' हेही हवं होतं. मी म्हटलं, तारेत थोडक्यात लिहितात. ती म्हणाली, थोडक्यात लिहिलं तर थोडक्यातच धाडतील. शेवटी 'कृपा करून' ठेवलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे सांगू. कापलेले सोडून बाकीचे कंद धुरी होऊन माजिवड्याला आले, तिनं ते सरीत लावले, कोंब वर आले. कुणीही हरखून गेलं असतं. तीही हरखली, पण तिचं अर्धं लक्ष मुंबईच्या त्या कपाटात. दर आठवड्याला ती एकटी बंदरावर जायची. देसाईंनी मला पुढं सांगितलं की ती यायची, जाळीच्या कपाटासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "कूस बदल सायेब त्येंची. एका अंगावर निजून कुजतील." पहिल्यांदा ते चिडले. दुसऱ्यांदा त्यांनी पुडकं उलटं करून ठेवलं. तिसऱ्यांदा ती यायच्या आधीच त्यांनी ते केलं होतं.

तीन आठवडे झाले. काही नाही. थंडी सरू लागली. महिना भरायला तीन दिवस होते तेव्हा शाळेत तार आली, देसाईंची. मी मधल्या सुट्टीत ती उघडली आणि शिपायाला तसाच सायकलवर माजिवड्याला पिटाळला. दाखला आला होता.

बारापैकी दहा कंद तिच्या हातात पडले. एक देसाईंनी कापून तपासला होता, एक वाळून गेला होता. राहिलेल्यांतल्या दोन कंदांना कपाटातच कोंब आले होते. लागवडीची वेळ टळत आली होती. तिनं मळ्याच्या सावलीच्या कडेला वेगळा वाफा केला, वर नारळाच्या झापांचा मांडव घातला, आणि सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी घालू लागली. नामानं एकदा हौसेनं घातलं तर तिनं त्याला जमिनीत बोट खुपसून दाखवलं, किती जास्त झालं ते.

मग एके दिवशी शेवटचा तास चालू असताना नामा वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. धावत आल्यामुळे धापा टाकत होता. फारसा न बोलणारा माणूस. एकच शब्द बोलला.

"उघरलं."

घंटा झाल्याबरोबर मी निघाले. सातवीच्या मुली कुणाला न विचारता माझ्यामागं निघाल्या, कारण दोरा त्यांनी लावला होता. शाळेजवळच्या कोर्टनाक्यापासून माजिवड्यापर्यंत आम्ही जवळजवळ पळतच गेलो.

बारकीबाय वाफ्याशी उकिडवी बसली होती. झापांच्या सावलीत एक दांडा उभा होता, उन्हाळ्यामुळे थोडा आखूड. खालची दोन फुलं उमलली होती, वरच्या कळ्या अजून हिरव्या. पांढरा रंग असा की त्याच्यापुढं माझी खादीची साडी मळकी वाटावी. आणि घशाशी तो लाल थेंब. मुली वाफ्याभोवती गोळा झाल्या. बारकीबाय त्यांना म्हणाली, "बगा. हात नका लावू, पन पोट भरून बगा."

तिनं त्याच दिवशी देसाईंना कार्ड लिहायला लावलं, आणि ते रविवारी आले. नियमाप्रमाणे लागवडीची पाहणी करणं त्यांना भागच होतं, पण येताना इस्त्रीचे कपडे घालून आले होते. घरात चहा ठेवला होता. ती त्यांना म्हणाली, "आदी बग, मंग च्या." त्यांनी गुडघे टेकून एकेका रोपाची पानं उलटून पाहिली, खालच्या मातीत काडी फिरवली, वहीत लिहिलं. मग उठून म्हणाले, "निरोगी." तेव्हाच ती हसली. खदखदून, सगळ्या अंगानं हसली.

तो पहिला दांडा तिनं कापला. मला वाटलं, देवाला नेणार, किंवा देसाईंना देणार. ती कुंपण ओलांडून पलीकडे गेली. गोमाबाबा ओट्यावर बसला होता. तिनं दांडा त्याच्या मांडीवर ठेवला आणि उभी राहिली. आम्ही कुंपणाच्या अलीकडे. म्हाताऱ्यानं तो उचलून डोळ्यांजवळ नेला, फिरवून पाहिला. मग म्हणाला, "ह्याला झुपका येनार नाय ना?"

"नाय बाबा," ती म्हणाली. "ह्याचा कागुद हाय."

म्हातारा हसला. त्याच्या तोंडात दात नव्हते. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या ओसाड वाडीत तिनं पहिले केळीचे मुनवे लावले, वसईहून, नीट पारखून घेतलेले.

पुढं आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो. तिकडं घराजवळच्याच एका शाळेत मी शिकवू लागले. येणंजाणं कमी झालं. तिचं काम मात्र वाढतच गेलं. बंगल्यांच्या बागा लावून द्यायची, आंबिवलीच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या वाफ्यांचं काम तिला मिळालं, तीन-चार बाया हाताखाली आल्या. परदेशी बियाणं हवं असलेली माणसं तिच्याकडे सल्ल्याला येऊ लागली आणि ती त्यांना पायरीवर बसवून पहिला प्रश्न विचारायची, "कागुद केलास का?"

तिला मी शेवटची पाहिली ती डोंबिवलीच्या रेल्वे फाटकाशी. मी शाळेतून परत येत होते. फाटक नुकतंच उघडलं होतं आणि रुळांच्या अलीकडे एक उघडी लॉरी थांबलेली. मागं टांगे, बैलगाड्या, सगळे ओरडत होते. लॉरीत कुंड्या आणि रोपं खच्चून भरलेली. ड्रायव्हर दार उघडून उभा, हतबल. आणि बारकीबाय रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर, चरातल्या गवतात डोकं घालून बसलेली. अंबाड्यातले केस पांढरे झाले होते. मला पाहून तिला मुळीच नवल वाटलं नाही, जणू आम्ही कालच भेटलो होतो.

"बाय, हिकरं ये," ती म्हणाली.

चरात एक बारीकशी वेल होती. तिला निळसर, नखाएवढं फूल. मी आजवर पाहिलेलं नव्हतं.

"ह्याचं नाव काय?"

"मला नाही माहीत."

"तू शिकवतेस ना गो?"

"इंग्रजी शिकवते."

"मंग इंग्रजीतलं शोध, मराठीतलं मी शोधतंय," ती म्हणाली. फाटकवाला धावत येऊन अंगावर ओरडला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शांतपणे दोन पिकल्या शेंगा तोडल्या, एक माझ्या हातावर ठेवली, एक कनवटीला लावली, आणि चाकावर पाय देऊन लॉरीत चढली. बसायला जागा होती तरी बसली नाही. कुंड्यांच्या मध्ये पाय रोवून उभी राहिली, एक हात एका उंच रोपाच्या बुंध्याला. लॉरी रुळांवरून खडखडत पलीकडे गेली आणि कल्याणच्या रस्त्याला लागली. दिसेनाशी होईपर्यंत ती पुढं वाकून ड्रायव्हरला काहीतरी सांगतच होती.